‘आपोआप’ नाही होत

‘मजकूर पेस्ट करा, मुख्य शब्द आपोआप मोठे दिसतील’ हे वर्ड क्लाउडवरच्या (म्हणजे जास्त वेळा आलेले शब्द मोठे दाखवणाऱ्या शब्दांच्या ढगावरच्या) लेखातलं वाक्य इंग्रजीपुरतं ठीक. मराठीत ‘मांडवी’, ‘मांडवीत’, ‘मांडवीच्या’ हे तीन वेगळे शब्द मोजले जातात, आणि नदीवरच्या निबंधांच्या ढगात नदीच बारीक! वर ‘आहे’, ‘आणि’ फुगून बसतात, कारण गाळायच्या शब्दांची यादी बहुधा इंग्रजीच असते. गोव्यातल्या वर्गात आणखी भर: एकाच सणाला कुणी ‘शिगमा’ लिहितो, कुणी ‘शिगमो’. म्हणून आधी फाइंड-रिप्लेसने प्रत्यय काढून एकच रूप ठेवा.

काना-मात्रा तुटून नुसती अक्षरं विखुरली, तर दोष फाँटचा असेलच असं नाही. काही टूल मात्रेलाच शब्दाचा शेवट समजतात. आधी ‘किनारा’ दहादा टाकून बघा; ‘क’, ‘न’, ‘र’ सुटे दिसले तर टूल बदला.