'फुल्ल टाईट केलंय ताई' म्हणणाऱ्या समस्त मंडळींना

काल रविवार होता म्हणे. मला काही दिसला नाही. सकाळी नऊला बाबांच्या बाईकचं साईड पॅनल उघडलं, एअर फिल्टर साफ करायचा होता, पंधरा मिनिटांचं काम, आणि संध्याकाळी साडेसहाला मी गॅलरीत फतकल मारून बसलेली, हातात सोल्डरिंगची टोक तापणारी काडी, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास, आणि आई दर दहा मिनिटांनी येऊन "अजून झालं नाही का गं" विचारून जातेय.

गाडी 2003 ची आहे, शंभर सीसी. मी सहावीत होते तेव्हा घेतलेली. इंजिनाबद्दल एक शब्द बोलणार नाही, एकदा बोअर केलं, क्लच प्लेट दोनदा बदलल्या, बस. पण प्लास्टिकचे आटे! त्या आट्यांपायी माझ्या डोक्याचे आटे ढिले झालेत.

पहिल्या स्क्रूला लावला हात तर फिरतोय, फिरतोय, नुसता फिरतोय. आत जात नाही, बाहेर येत नाही. शेवटी डोक्याखाली कटरचं पातं सरकवून वर उचलत उचलत फिरवला तेव्हा निघाला, आणि सोबत पांढरा भुगा. तो भुगा म्हणजे आमचे आटे. दुसरा काढला तर तो गाडीचा स्क्रूच नव्हता, पीओपीच्या सीलिंगला मारतात ना तो काळा जिप्समचा स्क्रू, तोही एवढा लांब की पलीकडून टोक बाहेर आलेलं आणि वायरिंगच्या कव्हरला घासतंय. तिसऱ्यात माचिसची काडी कोंबलेली. अर्धी. गुलासकट. म्हणजे कुणीतरी विचार करून, मोजून, गुल आतल्या बाजूला ठेवून ती घातली होती. चौथ्याच्या जागी तार पिळलेली, तिला तर मी नमस्कार केला, निदान तिने भोक मोठं केलं नव्हतं.

ही वीस वर्षांची कमाई आहे. एका गॅरेजवाल्याने जास्त आवळून आटे घालवले, पुढच्याने त्यात एक नंबर जाड स्क्रू घुसवला, त्याच्या पुढच्याने त्याहून जाड, आणि मग भोकाची भिंतच फुटली. प्रत्येकाने "झालं ताई, फुल्ल टाईट" म्हणून पैसे घेतले. बाबा जायचे तेव्हा "झालं काका".

अरे पण टाईट कशाला? प्लास्टिक आहे ते! पॅनलच्या आतून जो नळीसारखा खांब येतो, बॉस म्हणतात त्याला, त्यात स्क्रू स्वतःच आटे कापत जातो. पहिल्यांदा कापले की कापले. नंतर दर वेळी त्याच आट्यात परत बसवायचा असतो. त्याची सोपी पद्धत आहे, स्क्रू ठेवायचा आणि आधी उलटा फिरवायचा, हळूच, मग एका जागी टक् करून खाली बसतो, हाताला कळतं, की मग सुलटा. पाच सेकंद लागतात. पाच! तसं न करता कुठूनही दाबून सुरू केला की तो जुन्या आट्यांवर आडवे नवे आटे कापतो, आणि असं चार-पाच वेळा झालं की राहतो तो भुगा. हे मला कुठल्याही गॅरेजवाल्याने सांगितलेलं नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आमच्या शेजारच्या आजोबांनी सांगितलं, मी शाळेत असताना.

आणि आता सगळ्यांकडे ती स्क्रू पिळायची बॅटरीवाली गन आली आहे. घर्रर्र, झालं. त्या गनच्या तोंडाशी एक रिंग असते, तिच्यावर आकडे असतात, ते शोभेचे नाहीत हो. लहान आकड्यावर ठेवली की ठराविक जोर लागल्यावर ती कर्र कर्र करून सोडून देते, स्क्रूही वाचतो, प्लास्टिकही वाचतं. मी बघितलेल्या प्रत्येक गनची रिंग ड्रिलच्या चिन्हावर, म्हणजे पूर्ण जोरावर असते. प्रत्येक. मी एकाला म्हटलं दादा ते जरा कमी करा ना, तर तो माझ्याकडे न बघता मागे बाबांकडे बघून हसला. काय हसला काय माहीत. बाबाही हसले, ते अजून जास्त डोक्यात गेलं.

त्याच दादांचं म्हणणं, "ताई, आजकाल प्लास्टिकच हलकं येतं हो." आजकाल! 2003 ची गाडी आहे! मग म्हणे नवीन पॅनल टाकून घ्या. ते पण करून बघितलं होतं मी दिवाळीत. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टची चार दुकानं पालथी घातली, ओरिजनल बंद झालंय, कॉपी मिळते. कॉपी घरी आणली तर एक भोक जुळतं, दुसरं अर्धा सेंटीमीटर बाजूला, आणि लाल रंग असा की आमची गाडी डाळिंबी आणि पॅनल टोमॅटो. दुकानदार म्हणाला जरा दाबून बसवा, बसतं. हो, बसतं ना, मग खड्ड्यात गाडी गेली की तडकतं.

तर मग मीच करायला बसले. आता माझी स्वतःची माती पण सांगते, सगळी लाज दुसऱ्यांचीच कशाला काढायची. पॅनल एबीएसचं, म्हणजे ॲसिटोनमध्ये विरघळणाऱ्या प्लास्टिकचं, त्यामुळे ते मागेच सरळ झालं. जुन्या तुटक्या पॅनलचे तुकडे ॲसिटोनमध्ये टाकून ठेवले, रात्रभरात चक्क्यासारखा घट्ट लगदा होतो, तो भोकात भरला, दोन दिवस वाळू दिला, बारीक ड्रिलने नवीन भोक. मस्त. (नेलपेंट रिमूव्हर वापरू नका, आजकाल बऱ्याच बाटल्यांत ॲसिटोन नसतंच, माझी एक बाटली त्यातच गेली.) मला वाटलं जमलं आपल्याला, म्हणून काल तोच लगदा एअर फिल्टरच्या डब्याला लावला. वाळला आणि दुधावरची साय निघावी तसा अख्खाच्या अख्खा सोलून हातात आला. मग एम-सील लावून बघितलं, तेही टुणकन बाहेर. मग डोक्यात प्रकाश पडला. डब्याची एक किस काढली आणि आईच्या स्टीलच्या पेल्यात पाण्यावर टाकली. तरंगली. पॅनलची किस टाकली, बुडाली. तरंगतं ते बहुतेक पीपी, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, त्याला साधा गम धरत नाही, लगदा धरत नाही, काही म्हणता काही धरत नाही. डबा उलटा करून वीस वर्षांची चिकट धूळ पुसली तर खाली ठळक छापलेलंच होतं, पीपी. आधी पुसलं असतं तर! पेला आईने वेगळा काढून ठेवलाय, तो आता कायमचा माझा.

पीपीला उपाय म्हणजे पितळी इन्सर्ट. छोटीशी पितळेची नळी, आतून पाच एमएमचे आटे, बाहेरून खरबरीत. थ्रीडी प्रिंटिंगवाले वापरतात. नशीब माझ्याकडे होते, तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून सोल्डरिंगची काडी आणली तेव्हाच आणून ठेवलेले. इन्सर्ट भोकाच्या तोंडावर ठेवायचा, काडीचं टोक त्यात घालायचं आणि दाबायचं नाही. थांबायचं. प्लास्टिक वितळायला लागलं की तो काडीच्या वजनाने हळूहळू खाली जातो, कडेने बारीक गोल वळी वर येते. थोडा वर राहिला की काडी काढायची, लोखंडी पट्टीने सपाट दाबायचा आणि पूर्ण थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. पहिला माझा वाकडा गेला, कारण घाई. दुसरा असा बसला, असा बसला की मी आईला बोलावून दाखवला, ती म्हणाली छान आहे, काय आहे ते? तिसऱ्या जागी भिंत आधीच जाड स्क्रूने ताणलेली, गरम झाल्यावर फुगली आणि चिरली. तिथे शेवटी पत्र्याची, यू आकाराची, स्क्रू धरणारी क्लिप अडकवली. चौथ्यात परत इन्सर्ट. साडेसहा वाजले.

सगळं बसवलं, हाताने, छोट्या स्क्रूड्रायव्हरने, दोन बोटांत धरून, आणि पॅनल लावायला घेतलं तर खालच्या बोल्टची कॉलर नाही. रबराच्या बुशच्या आत लोखंडाची बारीक नळी असते, बोल्ट कितीही आवळला तरी जोर त्या नळीवर जातो, प्लास्टिक चेपत नाही. कंपनीने एवढा विचार करून दिलेली दीड सेंटीमीटरची वस्तू. तिच्या जागी कुठल्यातरी महाभागाने दोन वायसर घातलेत, म्हणून तर तिथलं प्लास्टिक चेपून पुरीसारखं झालंय. नळी पडली असेल कुठल्यातरी गॅरेजच्या फरशीवर, आणि संध्याकाळी झाडून गेली असेल केराच्या डब्यात. सुटी मिळत नाही, आज सकाळी तीन ठिकाणी विचारलं, एकाने तर मला वायसरच दिले. शेवटी लेथवाल्याकडे माप देऊन आले. गुरुवारी देतो म्हणाला. कुठल्या गुरुवारी ते मी विचारलं नाही.