स्टूल, माळा आणि दांडी

आईचे वय ७४, बाबांचे ७९, आणि साताऱ्याच्या आमच्या घरातील लाकडी स्टुलाचे वय या दोघांच्या लग्नाइतके, म्हणजे ५१ आहे. तिघांपैकी उघडपणे डगमगते ते स्टूल. पण त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली की ते तात्पुरते सावरते आणि आई त्यावर चढून माळ्यावरचे पुरणयंत्र काढते. गेल्या दिवाळीत मी ते स्टूल जप्त केले आणि तिच्या हाती लागू नये म्हणून माळ्यावर अगदी मागे ढकलून ठेवले. पुढच्याच आठवड्यात ते खाली काढण्यासाठी आई खुर्चीवर पाट ठेवून चढली, हे मला शेजारच्या काकूंकडून कळले.

तेव्हा मी सुट्टी काढली, खंबाटकीचा घाट ओलांडला आणि घराची रीतसर तपासणी सुरू केली. स्वयंपाकघरात मी गॅसच्या रबरी नळीकडे बोट दाखवून ती दर पाच वर्षांनी बदलावी लागते, असे गंभीरपणे सांगितले. बाबांनी सिलिंडरमागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली नळी बदलल्याची तारीख दाखवली आणि माझ्या पुण्याच्या घरातली कधी बदलली, असे विचारले. मी विषय बदलून न्हाणीघराकडे वळलो.

न्हाणीघरात धरायला दांडी हवी, यावर माझे आणि बायकोचे एकमत होते. ज्यांनी ती धरायची त्यांना आम्ही विचारले नव्हते. दांडीसोबतच्या कागदावर ती जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर बसवावी असे छापले होते. आई चार फूट दहा इंच आणि बाबा पाच फूट नऊ, त्यामुळे नेमके किती इंच यावर अर्धा तास गेला. पाटबंधारे खात्यात उभी हयात काढलेल्या बाबांचे म्हणणे निराळेच होते. त्यांनी जमिनीवर एक तांब्या पाणी ओतले. ते मोरीकडे जाण्याऐवजी संथपणे दाराकडे आले आणि उंबऱ्यापाशी थबकले. "माणूस घसरतो तो इथे," बाबा म्हणाले. "दांडी तिकडे भिंतीवर आहे. तिथपर्यंत पोहोचायला आधी घसरावे लागेल. तू उताराचे बघ." एवढे शास्त्रशुद्ध बोलणे ऐकून घेण्याची माझी तयारी नव्हती, कारण ड्रिलवाला ताशी पैसे घेणार होता.

भिंतीत त्या जागी नळ गेला आहे, हेही बाबांनी सांगितले. १९८६ साली न्हाणीघर नव्याने बांधताना त्यांनी स्वतः काढलेला नकाशा कपाटात होता आणि तो शोधायला ते वळले होते. मात्र मी ड्रिलवाल्याला मान हलवून खूण केली. दुसऱ्याच मिनिटाला भिंतीतून अशी धार निघाली की कोयनेचे दरवाजे उघडल्यासारखे वाटले. माझी मान हललेली बाबांनी पाहिली होती, तरी ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि तेच अधिक लागले. टाकीची मुख्य चावी गच्चीवर आहे आणि गच्चीला लोखंडी शिडी आहे. मी चप्पल शोधत असताना ७९ वर्षांचे बाबा अनवाणी वर जाऊन चावी बंद करून खालीही आले होते. दोघांना पडण्यापासून वाचवण्याच्या माझ्या मोहिमेत त्या दिवशी पडलो तो मी एकटाच, आणि तोही बरोबर उंबऱ्यापाशी.

नळ दुरुस्त झाला, गवंड्याकडून उतार काढून घेतला, आणि बाबांच्या सांगण्यावरून दांडी तिरकी बसवली, म्हणजे ज्याला जिथे हात पुरेल तिथे त्याने धरावे. मी पुण्याला परतलो आणि दोन रात्री बऱ्यापैकी झोपलो.

रविवारी आईचा फोन आला. दांडी फारच उपयोगी असून मी उगाच इतकी वर्षे थांबलो, असे ती म्हणाली. मला गहिवरून आले. "वरच्या झरोक्याची जाळी दहा वर्षे पुसली नव्हती रे," ती पुढे म्हणाली, "आता स्टुलावर चढताना धरायला किती छान झाले आहे."