तटस्थ राहून युद्धात उतरण्याची रीत

देश लहान, खजिना रिकामा, प्रजासत्ताक जेमतेम चार वर्षांचं आणि जर्मनीशी लढायची मात्र भारी हौस, अशी तुमची अवस्था असेल तर पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हाचा, १९१४चा पोर्तुगाल समोर ठेवा.

आधी जीभ सांभाळा. ‘तटस्थ’ म्हणू नका आणि ‘युद्धात’ असंही म्हणू नका. ७ ऑगस्ट १९१४ला लिस्बनच्या संसदेत सरकारने ब्रिटनच्या जुन्या मैत्रीला जागू असं सांगितलं आणि पुढचं मोघम ठेवलं. मैत्री १३७३ सालची. कागद इतका जुना की त्यात काय लिहिलंय यावर कोणी भांडत बसत नाही. याच मित्राने १८९८मध्ये आणि पुन्हा युद्धाच्या तोंडावर जर्मनीशी तुमच्या आफ्रिकेतल्या वसाहती वाटून घेण्याची बोलणी केली होती, तो विषय काढू नका. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.

आफ्रिकेत लढायला मात्र हरकत नाही. डिसेंबर १९१४मध्ये दक्षिण अंगोलातल्या नौलीला इथे जर्मनांनी पोर्तुगीजांना झोडपून काढलं. तरी दोन्ही राजधान्यांत एकमेकांचे राजदूत सुखाने नांदत होते.

खरी पंचाईत ही की लग्नाचं बोलावणंच येत नाही. ब्रिटनचं म्हणणं, युद्ध जाहीर करू नका आणि तटस्थताही जाहीर करू नका. फ्रान्सला हव्या होत्या पंचाहत्तर मिलिमीटरच्या तोफा, माणसं नकोत. अशा वेळी रुसून बसावं: तोफांबरोबर आमची फौजही घ्या!

तोवर घरात भांडून घ्या. अफोन्सो कोस्टांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला युद्ध हवं, कारण त्याने वसाहती वाचतील आणि नव्या प्रजासत्ताकाला युरोपात पाट मिळेल. दुसऱ्या प्रजासत्ताकवादी पक्षाचे नेते ब्रितो कामाशो यांचा युरोपात फौज धाडायला विरोध. जानेवारी १९१५मध्ये लष्करी अधिकारी निषेध म्हणून तलवारी परत करायला निघाले, जनरल पिमेंता द कास्त्रो सत्तेवर आले आणि १४ मेच्या उठावाने गेले. या गदारोळात उत्तरेकडच्या मिन्यो प्रांतातल्या शेतकऱ्याला काय वाटतं ते विचारायचं राहून गेलं, तर वाईट वाटून घेऊ नका. चारातल्या तिघांना वाचता येत नाही, विरोधाचं पत्र कोण लिहिणार?

आता मुख्य कृती. युद्ध पेटल्यापासून तुमच्या बंदरांत जर्मन जहाजं आसऱ्याला पडून आहेत. पाणबुड्यांमुळे ब्रिटनला जहाजं कमी पडेपर्यंत धीर धरा. मग तोच जुनी मैत्री काढून म्हणेल, ती घ्या. २३ फेब्रुवारी १९१६ला लिस्बनच्या टॅगस नदीत नौसैनिक जहाजांवर चढले, जर्मन निशाण उतरलं, पोर्तुगीज चढलं. गोव्यात मुरगावला अडकलेल्या जहाजांचीही तीच गत. त्यांतलं ‘ब्रिस्बेन’ पुढे ‘दमण’ झालं. नुकसानभरपाई देऊ, असं तोंडाने म्हणत राहा. ९ मार्चला चिडून जर्मनीच युद्ध जाहीर करेल. बघा, तुम्ही काहीच केलं नाहीत!

धरलेली बहुतेक जहाजं ब्रिटनला भाड्याने द्या. मग टांकुशच्या छावणीत काही महिन्यांत शेतकऱ्यांचे शिपाई करा, त्याला ‘चमत्कार’ म्हणा आणि पंचावन्न हजारांच्या आसपास माणसं फ्लँडर्सच्या चिखलात उतरवा.

इथे एक बारीक गोष्ट हमखास चुकते. माणसं न्यायला लागतात तशी परत आणायलाही जहाजं लागतात. १९१७च्या शरदात ब्रिटनने ती दुसऱ्या कामाला लावली. लिस्बनला नव्या कुमक-तुकड्या धाडता येईनात, शिपायांना सुटी मिळेना. अधिकाऱ्यांना मिळे, त्यांतले बरेच परत येत नसत. डिसेंबरात सिदोनियो पाइशने सरकार उलथलं. युद्ध जाहीर होईपर्यंत हे गृहस्थ बर्लिनमध्ये पोर्तुगालचे राजदूत होते.

फ्लँडर्समधल्या लीस नदीकाठी खंदकात थकलेली पोर्तुगालची दुसरी डिव्हिजन मागे घ्यायचं अखेर ठरलं. ९ एप्रिल १९१८पासून. त्या पहाटे सव्वाचारला, दाट धुक्यात, जर्मन तोफा सुरू झाल्या.