दहा जॉब बरे निघाले म्हणून लॉट पास? – लेथवाल्या दादांना उत्तर

लेथवाले दादा, नमस्कार.

माझ्या पिस्तुलाच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचून राग आला होता, हे आधीच सांगून टाकतो. पंधरा दिवस उत्तर दिलं नाही त्याचं कारण मात्र राग नव्हे. तुमच्या एका वाक्यानं मला पुन्हा नेमबाजीच्या रेंजवर जायला लावलं आणि तिथून हात काळे करून आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. माझं पॉइंट टूटूचं (म्हणजे 0.22 इंची गोळीचं) छोटं पिस्तूल, साडेतीन इंची नळीचं, स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या, म्हणजे साध्या वेगाच्या काडतुसांवर सारखं अडायचं आणि हाय व्हेलॉसिटीवर, म्हणजे जास्त वेगाच्या काडतुसांवर नीट चालायचं. त्यावरून मी लिहिलं होतं की पिस्तूल निर्दोष आहे, दोष काडतुसांचा. त्यावर लेथवाले दादांचं म्हणणं असं : पिस्तूलच भंगार आहे, पैसे घातलेत म्हणून तुम्ही त्याची बाजू घेताय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाही लेथवाल्याकडं नेलं तर रॅम्प (काडतूस नळीत चढवणारा उतार) पॉलिश करून, स्प्रिंगचा एक वेढा कापून दहा मिनिटांत हातात देईल. अडलं की मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) बुडाला थाप मारायची, स्लाइड (पिस्तुलाचा मागं-पुढं सरकणारा वरचा भाग) ओढायची आणि पुढची मारायची, एवढं नाटक कशाला? स्वप्नील कुसाळेच्या रायफलीचं कधी असलं काही ऐकलंय का? आणि शेवटी, "दहा गोळ्या मारल्या आणि निकाल दिला. दहा जॉब बरे निघाले म्हणून आम्ही लॉट पास केला असता तर पार्टीनं दारात उभं केलं नसतं."

हे शेवटचं वाक्य लागलं. कारण ते खरं आहे.

मी हाय व्हेलॉसिटीची दहाच काडतुसं मारली होती आणि एकही अडलं नाही म्हणून खूश झालो होतो. नंतर कागदावर हिशेब मांडला. समजा एखादं पिस्तूल सरासरी दहात एकदा अडतं. तरीसुद्धा सलग दहा गोळ्या सुरळीत जाण्याची शक्यता 35 टक्के निघते. म्हणजे माझा प्रयोग जवळपास नाणेफेकच होता. तेच सलग पन्नास नीट गेल्या, तर तसं निव्वळ योगायोगानं घडण्याची शक्यता अर्ध्या टक्क्यावर येते. काडतूस महाग, म्हणून आम्ही नेमबाज मोजून मारतो आणि मोजक्यावरून मोठी मोठी मतं बनवतो. या बाबतीत तुमच्यासारख्या क्यूसीतून, म्हणजे मालाच्या तपासणीतून गेलेल्या माणसाचं ऐकायला हवं होतं.

मग दोन रविवार घालवले. दोन्ही जातींची शंभर-शंभर काडतुसं. प्रत्येक शंभरीआधी पिस्तूल साफ. आणि दोन मॅगझिन आहेत, त्यांच्या बुडावर मुलीच्या नेलपॉलिशनं 'अ' आणि 'ब' लिहिलं, आळीपाळीनं वापरली. (पहिल्या लेखाच्या वेळी कुठली गोळी कुठल्या मॅगझिनमधून गेली याची नोंदच नव्हती. तुम्ही हे विचारलं नाहीत ते नशीब.) शिवाय नुसतं 'अडलं' असं न लिहिता कसं अडलं ते लिहिलं. हा शेवटचा भाग सगळ्यात कामाचा ठरला.

स्टँडर्डच्या शंभरात तेरा वेळा अडलं. त्यातल्या सहा वेळा तक्रार एकच : स्लाइड पूर्ण मागं गेलीच नाही. एकतर गोळी सुटल्यावर उरलेली रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी राहून चेपली, नाहीतर पुंगळी बाहेर पडली पण स्लाइडनं पुढचं काडतूस उचललंच नाही, आणि चाप ओढल्यावर नुसतं 'टक'. हे सहा 'अ' आणि 'ब' मध्ये तीन-तीन असे विभागले. उरलेल्या सात वेळा काडतुसाचं नाक खाली झुकून रॅम्पवर रुतलेलं. आणि हे सातच्या सात 'ब' मधले!

हाय व्हेलॉसिटीच्या शंभरात दोन वेळा अडलं. दोन्ही वेळा नाकच रुतलेलं, दोन्ही वेळा 'ब'.

म्हणजे मी एका आजाराला औषध देत होतो आणि आजार दोन होते. हाय व्हेलॉसिटीनं पहिला बरा केला आणि दुसरा झाकला.

पहिल्याचं कारण समजायला पॉइंट टूटूची ताकद बघावी लागते. अशा छोट्या पिस्तुलात स्लाइडला कसलंही कुलूप नसतं. तिचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच सगळं चालतं. गोळी पुढं जाताना जो धक्का मागं देते त्याच धक्क्यानं स्लाइडनं मागं जायचं, पुंगळी फेकायची, घोडा चढवायचा आणि स्प्रिंग दाबायची. गोळीचं वजन 40 ग्रेन, म्हणजे 2.6 ग्रॅम. पोलिसांकडच्या 9 मिमी पिस्तुलाची गोळी स्लाइडला याच्या तिप्पटीहून जास्त रेटा देते. इथं खर्चायला मुळात पैसाच कमी. डब्यावर स्टँडर्डचा वेग सेकंदाला 330 मीटरच्या आसपास आणि हाय व्हेलॉसिटीचा 380 च्या आसपास छापलेला असतो. फरक 15 टक्क्यांचा, पण स्लाइडला मिळणारी ऊर्जा रेट्याच्या वर्गानं वाढते, म्हणजे ढोबळमानानं तिसऱ्या हिश्श्यानं जास्त. त्यात डब्यावरचे आकडे रायफलीच्या लांब नळीतून मोजलेले असतात. साडेतीन इंचात दारू पुरी जळायच्या आतच गोळी बाहेर पडते.

म्हणून पिस्तूल भंगार आहे हे मला मान्य नाही. त्याच्या पुस्तिकेतच हाय व्हेलॉसिटी वापरा म्हणून छापलंय. ती स्प्रिंग त्याच काडतुसासाठी बसवलेली आहे. उलट मॅचसाठी बनवलेली मोठी पिस्तुलं मऊ, स्टँडर्ड काडतुसांवर जुळवलेली असतात. गुऱ्हाळात जाड उसासाठी लावलेल्या चरकात वाळलेली कांडी घातली आणि रस निघेना, तर चरक भंगार असं आपण म्हणतो का?

आता स्प्रिंगचा वेढा कापण्याबद्दल. कापल्यावर स्टँडर्ड काडतूस चालेल, यात शंका नाही. पहिल्या दिवशी तुम्ही मला पेढे पण द्याल. पण त्याच स्प्रिंगला स्लाइड पुढं ढकलून नवं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या घरात) बसवायचं असतं. मागची अडचण काढून पुढची विकत घ्यायची, असा तो व्यवहार आहे. आणि पुढं कधी हाय व्हेलॉसिटी घातलं की स्लाइड फ्रेमवर हातोड्यासारखी आदळणार. माझी स्लाइड पोलादाची नाही, ओतीव मिश्रधातूची आहे. ओतकामाला तडा कसा जातो हे मी तुम्हाला सांगायला नको.

रॅम्पचं तर त्याहून वाईट. नुसती चमक आणायला हरकत नाही, पण एमरी कागदाचा हात जरा जास्त फिरला आणि कोन बदलला, की चेंबरच्या तोंडाशी पुंगळीला खालून जो आधार असतो तो जातो. पॉइंट टूटूची पुंगळी कागदासारखी पातळ पितळेची. बिनआधाराच्या जागी ती फुगते किंवा फाटते, आणि गरम वायू मॅगझिनमध्ये उतरतो. शिवाय दादा, कायदा. आर्म्स ॲक्ट 1959 च्या कलम 5 प्रमाणे हत्याराची दुरुस्ती किंवा बदल करायला परवाना लागतो. तुमचा हात कितीही साफ असला तरी ते काम परवानाधारक आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं. मायक्रॉनमध्ये तुम्ही त्याला हरवाल, हे मात्र मला मान्य आहे.

थाप मारून पुढची मारण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, राग मानू नका. आवाज नेहमीसारखा 'फट्' न येता 'फुस्स' आला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. छोटी नळी, कमी दारू, त्यामुळं हे होऊ शकतं. त्यावर दुसरी गोळी मारली तर नळी फुगते, काही वेळा फाटते. म्हणून आवाज किंवा धक्का वेगळा वाटला की थांबायचं, मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामं करायचं आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. आणि नुसतंच 'टक' झालं, तर नळी टार्गेटकडंच धरून तीस सेकंद थांबायचं. काडतूस उशिरा पेटण्याची शक्यता असते. पॉइंट टूटूत पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत गोलाकार भरलेला असतो. तो एखाद्या जागी विरळ असला की पिनचा मार फुकट जातो. थाप मारून पुढं जाणं हे जिवावर बेतलेल्या माणसाचं काम. रेंजवर आपल्याला कसली घाई?

आता कुसाळे. उदाहरण चुकलं, पण चुकलं ते चांगल्या ठिकाणी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली त्यांनी 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य मिळवलं ते बोल्ट ॲक्शन रायफलीवर. तिथं बोल्ट हातानं मागं-पुढं होतो, स्लाइड नाही आणि तिला ढकलणारा धक्काही लागत नाही. ती रायफल माझ्यासारखी अडणार कशी? तुलना करायचीच तर राही सरनोबत यांच्याशी करा. 2018 च्या आशियाई स्पर्धेतलं त्यांचं सुवर्ण 25 मीटर पिस्तूलचं आहे, आणि ते हत्यार माझ्यासारखंच स्वतःहून पुंगळी फेकणारं. गंमत बघा, हे दोघं आणि 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून) विश्वविजेत्या झालेल्या तेजस्विनी सावंत, कोल्हापूरची ही तिन्ही नावं मोठी झाली ती याच पॉइंट टूटूच्या काडतुसावर. आणि या पातळीवरचे रायफलवाले तर एकाच कंपनीच्या एकाच जातीचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून मारून बघतात, आणि जो लॉट जुळतो त्याचाच साठा करतात. तेव्हा काडतूस आणि हत्यार यांची जोडी लावणं हे माझं नाटक नाही, तो या खेळाचा रिवाज आहे.

पिस्तुलाच्या साफसफाईबद्दलही तुम्ही लिहिलं होतंत, ते बरोबर. या गोळ्यांना बाहेरून मेण असतं, ते आणि अर्धवट जळलेली दारू चेंबरमध्ये थर धरते. आपल्या पावसाळ्यात लोक गंजाच्या भीतीनं तेल ओततात, त्यात हे सगळं मिसळून काळी खळ होते. तेल पुसून काढण्याइतकंच लावायचं. अजून एक, आर्मररनं भिंगातून चेंबरची कड दाखवली : रिकाम्या चेंबरवर चाप ओढण्याची सवय असली तर पिन थेट त्या कडेवर आदळते आणि तिथं ठेचलेली भुवई उठते. माझ्याकडं ती नव्हती, पण होण्याच्या बेतात होती. सरावाला आता मारलेली पुंगळी आत ठेवतो.

राहिला 'ब'. मूळ लेखातलं 'दोष काडतुसांचा' हे वाक्य मी आज खोडलंय आणि शेजारी तुमचा उल्लेख केलाय. 'ब' मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) उजव्या बाजूला किंचित उघडलेत असं डोळ्यांना वाटतं. नाहीतर आतली स्प्रिंग थकली असेल. काडतूस वेळेत वर येत नाही एवढं नक्की. ते वाकवून बघण्याचा मोह होतोय, पण हात लावलेला नाही, आणि आर्मररकडं द्यायच्या आधी मला त्याचं माप हवंय. 'अ' शी तुलना केली की लगेच कळेल. माझ्याकडं फूटपट्टी आहे.

तुमच्याकडं बारीक मापाचा व्हर्नियर असणारच. येत्या रविवारी दोन्ही मॅगझिन रिकामी करून घेऊन येतो, कुठं भेटायचं ते कळवा. चहा माझ्याकडून.