आजीची बरणी आणि लाल फुली

गोदामातल्या मालाचा प्रोग्राम मी लिहिलाय; तिथल्या काकांचा फोन वाजला की मी आधी घोटभर पाणी पितो.

“अहो, तुमची खिडकी पांढरी पडली.”

प्रोग्राम पाच सेकंद काहीच बोलला नाही, की विंडोज त्याच्यावर पांढरट पडदा ओढून वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहून मोकळं होतं. काकांना धीर नाही. ते दार ठोठावल्यासारखं क्लिक करत राहतात.

चूक माझीच. अख्ख्या मालाची यादी वाचायचं काम मी खिडकी रंगवणाऱ्या थ्रेडच्याच, म्हणजे प्रोग्राममधल्या एका कामकऱ्याच्याच, गळ्यात मारलं होतं. मग वेगळा थ्रेड काढला. पोरगं कामाचं, पण मोजणी झाली की आकडा स्वतःच लेबलवर लिहायला गेलं. विनफॉर्म्स, म्हणजे मी खिडकी ज्यात बांधली ते मायक्रोसॉफ्टचं साहित्य, खेकसलं: ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’. ज्या थ्रेडनं कंट्रोल (खिडकीतलं लेबल, बटण, यादी असं काहीही) बनवला, त्यानंच त्याला हात लावायचा. आमच्या आजीच्या लोणच्याच्या बरणीलाही हाच कायदा होता.

त्यावर एक पळवाट आहे. ‘चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स’ या तपासणीच्या सेटिंगला फॉल्स, म्हणजे ‘नको’, म्हणायचं. (एका दमात वाचून दाखवा, चहा माझ्याकडून.) मी म्हटलं. ओरड थांबली. तशी ती मुळात डीबगर (प्रोग्रामरचं चुका शोधायचं हत्यार) जोडलेला असतानाच होते. काकांकडे कुठला डीबगर? तिथे बरणी सताड उघडी.

आठवड्यानं काका म्हणाले, “यादीच्या जागी मोठी लाल फुली आलीय. माल रद्द झाला का?”

यादी दाखवणारा तक्ता, म्हणजे ग्रिड, स्वतःला रंगवत असताना माझ्या थ्रेडनं खालून ओळी काढून घेतल्या होत्या. माझ्या मशीनवर एकेक ओळ थांबत चालवून पाहिलं, तर फुली यायचं नाव नाही. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारं कार्टंच ते.

शेवटी नियमानं गेलो. ‘इन्व्होक’ लावलं, म्हणजे थ्रेडनं खिडकीवाल्याला विनंती करायची आणि काम होईपर्यंत थांबायचं. इकडे काकांनी खिडकी बंद केली की खिडकीवाला थ्रेड संपायची वाट बघायचा, तेही मीच लिहिलेलं. दोन व्याही दारात, “आधी तुम्ही”, “छे, आधी तुम्ही”. मांडव उठला तरी आत कोणी नाही.

मग ‘बिगिनइन्व्होक’. चिठ्ठी टाकायची, थांबायचं नाही. बंद करतानाचं ते वाट बघणंही काढून टाकलं.

काल फोन आला.

“आता पटकन बंद होते हो.”

“बघा!”

“बंद झाल्यावर इंग्रजीत काहीतरी येतं, तेवढं सोडा.”

चिठ्ठी टाकायला थ्रेड पोचला, तोवर खिडकीच जागेवर नव्हती. मी पाण्याचा ग्लास भरून ठेवलाय.