लॅटिनसाठी इंग्रजीचा वळसा कशाला?

लॅटिन शिकायची हौस असलेली माणसं गोव्यात अजून आहेत. कुणी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, कुणी वकील, कुणी जुन्या गोव्यातल्या भिंतींवर काय कोरलंय या प्रश्नाने झपाटलेला. पण सुरुवात सगळे एकाच जागी करतात: मोबाइलवर इंग्रजी अर्थांसकट शंभर शब्दांची यादी. आक्वा म्हणजे वॉटर, पुएर म्हणजे बॉय. थोड्याच दिवसांत उत्साह संपतो आणि ‘भाषा कठीण बाबा’ असा शेरा मारून मंडळी मोकळी होतात.

मला विचाराल तर भाषा कठीण नाही, रस्ता चुकीचा आहे. मराठी माणसाने लॅटिन इंग्रजीमार्फत शिकणं हा शुद्ध द्राविडी प्राणायाम आहे.

हे वाक्य बघा: ‘पुएर आक्वाम बिबित.’ मुलगा पाणी पितो. शब्दाखाली शब्द ठेवा, क्रम तसाच. क्रियापद शेवटी, आणि इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’सारखं काही लॅटिनमध्ये नाहीच. ‘बिबित’ आणि आपलं ‘पितो’ तर लांबचे भाऊबंद. मध्ये संस्कृतातलं ‘पिबति’ ठेवलं की नातं डोळ्यांना दिसतं. इंग्रजीतून गेलात की हे सगळं आधी मोडायचं आणि मग पुन्हा जोडायचं.

यादीतला खरा घोटाळा मात्र वेगळाच आहे. तिथे प्रत्येक शब्द एकाच रूपात दिलेला असतो. कल्पना करा, मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला फक्त ‘पाणी’ शिकवलं. ‘पाण्यात’ आणि ‘पाण्याचा’ समोर आले की तो गडबडणारच. आपल्याकडे याला सामान्यरूप म्हणतात, शाळेत सगळ्यांनी घोकलेलं आहे. लॅटिनमध्येही तेच. नारळ, अक्रोड असल्या कवचाच्या फळाला ‘नुक्स’ म्हणतात, पण षष्ठीत ते ‘नुकिस’ होतं. म्हणून शब्द पाठ करायचा तो जोडीने: नुक्स-नुकिस, रेक्स-रेगिस (राजा-राजाचा). मग माडाचं शास्त्रीय नाव ‘कोकोस नुसिफेरा’ (इंग्रजी वळणाने ‘क’चा ‘स’ झालेला) आपोआप उलगडतं. त्यातलं ‘फेर’ म्हणजे वाहणं, धारण करणं; संस्कृत ‘भरति’चं सख्खं भावंड. फळ धारण करणारा तो माड. आंब्याचं ‘मँगिफेरा’ही तसंच, फक्त त्यातला ‘मँगा’ दक्षिण भारतातून पोर्तुगीजांनी उचललेला.

लिंगांचंही तसंच. इंग्रजी पुस्तकं तीन लिंगांची इतकी धास्ती घालतात की हसू येतं. तो, ती, ते आपल्याला कुणी शिकवलं होतं का? चांगला, चांगली, चांगलं तसं बोनुस, बोना, बोनुम. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) नि परसात फिरताना हेच शिका. काकडी ‘कुकुमिस साटिवुस’, भात ‘ओरिझा साटिवा’, लसूण ‘आल्लिउम साटिवुम’. विशेषण एकच, अर्थ ‘पेरलेलं, लागवडीचं’, आणि लिंगाप्रमाणे शेपूट बदललेलं. लॅटिनमध्ये काकडी ‘तो’ आहे, एवढं लक्षात ठेवावं लागतं, बाकी व्यवस्था घरचीच. लाजाळूच्या ‘मिमोसा पुदिका’ या शास्त्रीय नावातली ‘पुदिका’ म्हणजे लाजरी, हे सांगायलाच नको.

हे साम्य पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही इथेच, याचा मला (थोडासा प्रादेशिक) अभिमान आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं सांगणारं विल्यम जोन्सचं 1786 चं कलकत्त्यातलं भाषण सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या दोन शतकं आधी, 1583 साली, गोव्यातल्या फादर थॉमस स्टीफन्सने आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं आणि इथल्या भाषांची रचना लॅटिन-ग्रीकसारखी आहे असं त्यात नोंदवलं. हाच तो क्रिस्तपुराणकर्ता. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती नावाच्या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने सप्त, अष्ट, नव, देव, सर्प हे शब्द आपल्या इटालियन शब्दांशेजारी मांडून दाखवले. 1588 मध्ये तो गोव्यातच वारला.

इथे एक सावधगिरी. ‘म्हणजे लॅटिन संस्कृतातून निघाली’ असले फॉरवर्ड कृपया कमेंटमध्ये टाकू नका. दोघी बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. शिवाय आपल्याकडे लॅटिन शब्द दोन वाटांनी भेटतात. एक वाट नात्याची: मातेर-माता, देन्स-दंत, इग्निस-अग्नी. दुसरी जहाजाची: क्लाविसचं पोर्तुगीजांनी ‘शाव्ह’ केलं आणि आपण चावी. पानिसचा पाव झाला, मेन्साचं मेज, मागिस्तेरचा (गुरू, उस्ताद) मेस्त, म्हणजे गोव्यातला सुतार. ‘मातेर फिलिओ पानेम दात’, आई मुलाला पाव देते, या चार शब्दांत दोन्ही वाटा आहेत. ‘दात’ आणि ‘देते’ हे रक्ताचं नातं, पाव मात्र जहाजातून उतरलेला. नवशिक्याने वहीत दोन रकाने करावेत. शब्द डोक्यात राहतात, आणि थापाही मारल्या जात नाहीत.

विभक्त्या सहाच. आपली सप्तमी तिथे जवळजवळ पुसली गेली आहे, पण ‘दोमी’ म्हणजे ‘घरी’ असा एखादा अवशेष सापडतो. जुन्या गोव्यात सेंट कायतान चर्चच्या दर्शनी भागावर ‘दोमुस मेआ दोमुस ओरातिओनिस’ लिहिलं आहे: माझं घर, प्रार्थनेचं घर. ‘उस’ने संपूनही दोमुस स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘मेआ’. ‘ओरातिओनिस’ ही षष्ठी. व्याकरणाचे दोन धडे भिंतीवर फुकट लावलेले आहेत आणि लोक तिथे फक्त सेल्फी काढतात.

उच्चारांवरून मात्र वाद होतो. अभिजात उच्चारात ‘सी’ अक्षर नेहमी ‘क’, तर चर्चच्या उच्चारात ए आणि इ या स्वरांआधी ते ‘च’ होतं. म्हणजे शांतीसाठी ‘पाकेम’ की ‘पाचेम’? कॉलेजातले लोक पहिल्याचा आग्रह धरतात. मी वर ‘नुकिस’ लिहिलं, कारण पुस्तकांत ते तसं सापडेल. पण गोव्यात राहून शिकणाऱ्याने बिनधास्त ‘पाचेम’ म्हणावं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे 1960 च्या दशकापर्यंत, इथली मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्येच होत असे. त्या काळी कॉयरमध्ये (चर्चच्या गायनवृंदात) गायलेला एखादा आजोबा शेजारी असेल तर त्याला ‘दोना नोबिस पाचेम’ (आम्हाला शांती दे) म्हणून दाखवायला सांगा. ‘दोना’तलं दान तुम्हाला लगेच ऐकू येईल.