पगार पुण्याचा, पोतं साताऱ्याचं

पुण्यात नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन. राजवाड्यावर पेढे वाटून झाले असतील, पोवई नाक्यावर फ्लेक्स लावायचं मित्रांनी मनावर घेतलं असेल, तर आता थोडं हिशोबाचं बोलू. मध्यमवर्गीय पगारात पुण्यात सुखानं राहता येतं. त्यासाठी काटकसर, गुंतवणूक, खर्चाचं ॲप असलं काही लागत नाही. लागतात ते साताऱ्यात स्वतःच्या घरात राहणारे, हातीपायी धड आणि शक्यतो पेन्शनवाले आईवडील. ज्यांच्याकडे हे भांडवल नाही त्यांनी पुढचं वाचायला हरकत नाही, फक्त उपयोग काही नाही.

आधी पगार. ऑफर लेटरवर 9 लाख लिहिलंय म्हणून 12 नं भागून 75,000 हा आकडा तुम्ही घरी सांगितलात आणि आईनं तो आळीत. तो आता बदलता येणार नाही, त्या आकड्यावर घरातल्या पुढच्या सोयरिकी ठरायच्या आहेत. तुमच्यापुरता खरा आकडा असा काढा. मूळ पगार निम्मा, म्हणजे 37,500. त्यावर 12 टक्क्यांनी पीएफ, 4,500 तुमचा आणि 4,500 कंपनीचा. कंपनीचा वाटाही तुमच्याच 9 लाखांत मोजलेला असतो हे पहिली पगारस्लिप हातात पडल्यावर कळतं. ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के, म्हणजे महिना 1,800, पाच वर्षं टिकलात तर दिसतील. प्रोफेशन टॅक्स 200, फेब्रुवारीत 300. आणि 10 टक्के ‘व्हेरिएबल’, म्हणजे महिन्याला 7,500, वर्षाअखेरीला साहेबाचा मूड बघून. राहिले 56,500. नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत आयकर लागत नाही, त्यामुळं सरकारच्या नावानं खडे फोडायचीही सोय उरलेली नाही.

आता घर. वाकडला टू बीएचके घ्या, कारण वन बीएचके घेतलं तर आईवडील आल्यावर झोपणार कुठं, आणि ते आले नाहीत तर साताऱ्याहून धान्याचं पोतं येणार कसं? भाडं 24,000 धरू. तीन महिन्यांचं डिपॉझिट 72,000, पहिलं भाडं 24,000, एजंटाचं एक महिन्याचं 24,000. पहिला पगार व्हायच्या आत 1,20,000 गेले. हे वडिलांच्या ठेवीतून घ्यायचे आणि “दोन महिन्यांत देतो” म्हणायचं. वडील “बरं” म्हणतात. या विषयावर परत कुणीच बोलत नाही.

करार 11 महिन्यांचा. तो लेखी करून नोंदवायची जबाबदारी 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नं मालकावर टाकली आहे आणि मालकानं ती प्रेमानं तुमच्यावर. गंमत अशी की नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. हे मालकाला ऐकवू नका, घर हातचं जाईल. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का: 11 महिन्यांचे 2,64,000, अधिक डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी धरलेलं 11 महिन्यांचं व्याज 6,600, त्याचे 677 रुपये. नोंदणी फी शहरात 1,000. एजंट चार हजार मागेल. मधला फरक ‘घरी येऊन अंगठा घ्यायचा’. अंगठा आपण नेऊन दिला तर किती कमी होतील, असं विचारू नये. पुण्यात असले प्रश्न फक्त पुणेकर विचारतात.

ताबा घेतला की भिंतींचे फोटो काढून ठेवा, एकूण एक. सोडताना रंगाचे पैसे कापतातच, पण निदान आधीच्या भाडेकरूच्या गणपतीचा खिळा तुमच्या नावावर पडत नाही.

भाडं वजा जाता राहिले 32,500. त्यात मुलाची फी, दूध, गॅस, पेट्रोल, मोबाईल, हप्त्यावरची गाडी, सोसायटीच्या टँकरची वर्गणी आणि ऑफिसातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाची वर्गणी. किराण्याला काय उरतं ते मोजत बसू नका. किराणा पुण्यात घ्यायचाच नाही.

इथून खरं शास्त्र सुरू होतं. फोन आईचा आला पाहिजे, आपण करायचा नाही.

“काय लागतंय का रे?”

“नको गं, सगळं मिळतं इथं.”

“मग शाळू दळून ठेवू, का दाणा देऊ?”

शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. या प्रश्नाचं उत्तर विचार करून द्या. तीन माणसांना दोन्ही वेळची मिळून सहा भाकरी धरल्या तर रोजचं अर्धा किलो पीठ, महिन्याला 15 किलो. सगळं एकदम दळून आणलं तर पहिले दोन आठवडे भाकरी टम्म फुगते आणि तिसऱ्या आठवड्यात पीठ विरी जातं. गव्हाच्या कणकेत चिकटून राहायला ग्लुटेन असतं, ज्वारीत ते नाही. तिची भाकरी एकसंध राहते ती ताज्या पिठाच्या चिकटपणावर. तो गेला की थापताना कडा चिरतात, परातीतून उचलताना भाकरीचे दोन तुकडे होतात आणि बायको म्हणते, तुमच्याकडचा शाळूच असला. उपाय आहे: पीठ उकळत्या पाण्यात भिजवा, झाकून पाच मिनिटं मुरू द्या आणि गरम असतानाच तळहाताच्या टाचेनं चांगलं रगडून मळा. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा मळायचा. तरी चिरली तर थालीपीठ करा आणि तेच ठरवलं होतं असं सांगा. बाजरीचं तर पीठ आणूच नका. तिच्यात तेल जास्त, आठ-दहा दिवसांत कडवट होतं.

म्हणून दाणाच आणायचा. सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत मात्र गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी टाकली की पहिलं किलोभर पीठ मिश्र येतं. आधी कुणाची तरी ज्वारी होऊ द्या, मग आपला डबा पुढं करा. रांगेत मागं उभं राहून फायदा होणारी पुण्यातली ही एकमेव जागा.

साठवणीचं सगळं काम साताऱ्यात उरकून घ्यायचं. गच्चीवर दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवायचं, पण ऊन उतरल्यावर लगेच डब्यात भरायचं नाही. गरम धान्य भरलं की आतल्या पत्र्याला घाम सुटतो आणि तळाला बुरशी धरते. सूप, चाळण, निवडणं हे सगळं आईचं. डाळींना किलोला चमचाभर एरंडेल चोळायचं, माणदेशातल्या शाळूत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. कोरेगावचा वाघ्या घेवडा असेल तर त्याला पुण्यात ‘राजमा’ म्हणू नका. त्याला भौगोलिक मानांकन आहे, तुम्हाला नाही. नवा इंद्रायणी तांदूळ आला तर पाणी बेतानं घाला, नाहीतर गिचका होतो आणि पाहुण्यांना तो खास मऊभात म्हणून वाढावा लागतो.

मग 50 किलोचं पोतं ठेवायचं कुठं? दिवाणात. इथं एक छोटा हिशोब करून ठेवा. घर 600 स्क्वेअर फूट कार्पेट आणि भाडं 24,000, म्हणजे स्क्वेअर फुटाला 40 रुपये. सहा बाय चारचा दिवाण 24 फूट अडवतो. म्हणजे फुकट आलेला शाळू दरमहा 960 रुपये भाडं देऊन राहतो, तेही करार न करता. बंद दिवाणात वारा नाही, त्यामुळं जुलैमध्ये त्यात सोनकिडे होतात आणि ते भाडंही देत नाहीत.

पोतं आणणार कसं? दोन मार्ग. पहिला, आपण कार घेऊन जायचं. जाऊन-येऊन 220 किलोमीटर, 18 चं ॲव्हरेज धरलं तर बारा लिटर पेट्रोल, साडेबाराशे रुपये. टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास काढा, 15 ऑगस्ट 2025 ला 3,000 रुपयांत सुरू झाला, 200 फेऱ्यांचा. पण एक नाका ओलांडला की एक फेरी होते. खेड-शिवापूर आणि आणेवाडी, जाताना दोन, येताना दोन, म्हणजे एका वारीला चार. 200 भागिले चार 50, आणि वर्षात शनिवार 52. उरलेल्या दोन शनिवारी आजारी पडा. पेट्रोल आणि टोल मिळून प्रत्येक वारीला तेराशे रुपये घालून तुम्ही दोन जुड्या मेथी, चार किलो तांदूळ आणि एक नारळ आणता. मेथी घरची असल्यामुळं तिला किंमत नसते.

वेळेचं म्हणाल तर रविवारी “चहा घेऊन निघतो” म्हणत पाच वाजवा. पाचवडला आणि सुरूरला महाबळेश्वरहून उतरलेल्या गाड्या मिळतात, मागून कोल्हापूर-सांगली आलेलीच असते. जुन्या रस्त्यानं पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, साताऱ्याकडे येताना घाट. त्यामुळं शुक्रवारी रात्री घाटात ट्रक बंद पडून अडकायचं आणि रविवारी बोगद्याच्या अलीकडे अडकायचं, अशी सरकारनं दोन्हीकडची सोय केली आहे. मागच्या सीटवर भरलेली वांगी असतील तर काच थोडी खाली ठेवा.

दुसरा मार्ग जास्त शास्त्रशुद्ध. पोतं आईनं आणायचं. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि वडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली असेल तर त्यांना पूर्ण फुकट. दोघांच्या वयाचा असा आर्थिक विचार सहसा कुणी करत नाही. फक्त त्यांना स्वारगेटला उतरू देऊ नका. तिथून वाकड सतराएक किलोमीटर, मीटरनं रिक्षा तीनशेच्या घरात, आणि मीटरनं येणारा रिक्षावाला भेटला तर. साताऱ्यातच चौकशी करून बायपासनं मुंबईकडं जाणारी गाडी धरायला सांगा आणि वाकड पुलाशी उतरायला. तुम्ही मीटिंगमध्ये असाल. पोतं सर्व्हिस रोडला ठेवून आई शेजारी उभी राहते आणि वडील पिशव्या मोजतात. सहा असतात, पाच भरतात, सहावी वडिलांच्याच खांद्याला असते.

हे असं तीन वर्षं जमलं की आत्मविश्वास येतो आणि माणूस फ्लॅट बुक करतो. थोडक्यात सांगतो, कारण यात थोडक्यात असं काहीच नसतं. किंमत 65 लाख. बँक 80 टक्के देते, 52 लाख. उरलेले 13 तुमचे, शिवाय 7 टक्के मुद्रांक शुल्क 4,55,000, नोंदणी 30,000, बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी 3,25,000. बेरीज 21 लाख 10 हजार, म्हणजे वडिलांची ग्रॅच्युइटी आणि आजीच्या पाटल्या. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 45,127. तीन वर्षांत पगार वाढलेला असेलच, पण वाढला नसेल तर घरखर्चाला 11,373 राहतात. दस्त एकट्या बायकोच्या नावानं केला तर शुल्कात एक टक्का सवलत, 65,000 वाचतात. अट एवढीच, की दस्तात तुमचं नाव नको. फेडणाऱ्यांत चालतं.

एक राहिलंच. डबे. साताऱ्याहून चटण्या, लोणची, लाडू ज्या स्टीलच्या डब्यांतून येतात ते रिकामे परत करायचे नसतात. पेढे घालून पाठवू नका, कंदी पेढे तिकडचेच. चितळ्यांची बाकरवडी घाला. डब्याच्या मापानं अर्धा किलो बसते, पण पाव किलो आणून खाली कागद चुरगाळून घातला तरी वरून डबा भरलेला दिसतो. आई ती बशीत काढून आळीभर फिरवते आणि तुमच्या 75,000 ना पुन्हा उजाळा मिळतो.

मात्र लसणाची चटणी आलेल्या डब्यात बाकरवडी भरायची नाही. झाकणाच्या रबरात वास बसलेला असतो. रबर सुरीच्या टोकानं काढून बेसनानं घासा, डबा गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि दोन्ही अलगअलग तीन-चार तास उन्हात ठेवा. वाकडच्या बाल्कनीत ऊन 7.40 ला येतं आणि 8.10 ला समोरच्या टॉवरमागं जातं. तेवढ्यानं वास गेला नाही तर डबा तसाच साताऱ्याला पाठवा. तिकडं अंगण आहे.